सुट्टीच्या क्लबचे सभासदत्व विकत घ्यावे, की दुसऱ्याच्या रात्री भाड्याने घ्याव्यात?

ताई, तुमचा प्रश्न इतरांनाही समजावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, शाळेत शिकवता आणि तुमच्या यजमानांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. पुण्यातील एका मॉलमध्ये भरलेल्या कुपनामुळे ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे’ असा फोन आला, तुम्हा दोघांना एका हॉटेलात बोलावण्यात आले आणि अडीच तासांच्या बोलण्यानंतर 25 वर्षांचे सभासदत्व 4,20,000 रुपयांना, तेही ‘आज सही केली तरच’ या अटीवर देऊ करण्यात आले. दरवर्षी क्लबच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री मुक्काम मिळेल आणि वर्षाची वर्गणी 22,000 रुपये अधिक जीएसटी अशी असेल. तुम्ही सही न करता घरी आलात, हे फार चांगले केलेत. दरम्यान यजमानांच्या पुण्यातील मावसभावांनी सांगितले, की त्यांच्या तशाच सभासदत्वातील रात्री दरवर्षी वाया जातात, हव्या तर तुम्ही वापरा. न्यू जर्सीतील नणंदबाई सांगतात, की तिकडे लोक दुसऱ्यांच्या अशाच सभासदत्वातील पॉइंट्स (मुक्कामासाठी खर्च करायचे गुण) भाड्याने घेऊन ऑर्लँडोला जातात आणि येत्या डिसेंबरात सासू-सासऱ्यांसह तुम्हीही तसेच यावे. यांपैकी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली 21 वर्षे सोलापुरातून कुटुंबांच्या सहलींची आखणी करते. सभासदत्व विकण्याशी माझा संबंध नाही. मी आखणीची फी घेते आणि ती मुक्काम कुठेही असला तरी सारखीच असते. माझे उत्तर असे आहे: सभासदत्व घेऊ नका. मावसभावांच्या रात्री जरूर घ्या, पण त्या भेट म्हणून नव्हे, रीतसर पैसे देऊन घ्या. अमेरिकेतील पॉइंट्सचे पैसे मात्र सासू-सासऱ्यांचा व्हिसा हातात पडल्याशिवाय देऊ नका. कारणे आता सविस्तर सांगते.

त्या हॉटेलात तुमच्यासमोर जे ठेवले गेले, ती मालमत्ता नव्हे. बोलताना ‘तुमचे स्वतःचे सुट्टीचे घर’ असा शब्दप्रयोग हमखास होतो, परंतु करारात तुम्हाला मिळतो तो ठरावीक वर्षांसाठी, उपलब्धता असेल तेव्हा राहण्याचा हक्क. सातबारावर किंवा मालमत्ता पत्रकावर तुमचे नाव लागत नाही आणि मुदत संपली की हातात काही उरत नाही. टाइमशेअर नावाची ही पद्धत युरोपात 1960 च्या दशकात रुजली. स्वित्झर्लंडमधील हापीमाग ही संस्था 1963 ची आहे. सभासदांनी आपापले आठवडे एकमेकांशी बदलून घ्यावेत यासाठी अमेरिकेत आरसीआय ही कंपनी 1974 मध्ये निघाली. आपल्याकडे स्टर्लिंग 1986 मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेज 1996 मध्ये या व्यवसायात आली. सुरुवातीला ठरावीक आठवडा विकला जाई, पुढे ‘या हंगामातील कोणताही आठवडा’ असे झाले आणि आता बऱ्याच ठिकाणी पॉइंट्स असतात. दरवर्षी तुमच्या खात्यात ठरलेले पॉइंट्स जमा होतात आणि ठिकाण, खोलीचा आकार, हंगाम व आठवड्याचा वार पाहून एका रात्रीला कमीअधिक पॉइंट्स वजा होतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात रात्र महाग पडते, तर ऑगस्टमधल्या मंगळवारी तीच खोली निम्म्याहून कमी पॉइंट्सत मिळू शकते.

विक्रेत्याने तुम्हाला कागदावर जो हिशेब करून दाखवला, तो बहुधा असा असेल: 25 वर्षे गुणिले सात म्हणजे 175 रात्री. 4,20,000 भागिले 175 म्हणजे रात्रीला 2,400 रुपये. चांगल्या रिसॉर्टची खोली आज 8,000 रुपये, म्हणजे प्रत्येक रात्री साडेपाच हजार वाचले. या हिशेबात दोन गोष्टी नाहीत. पहिली म्हणजे वार्षिक वर्गणी. 22,000 रुपयांवर 18 टक्के जीएसटी लागला की ती 25,960 होते आणि सातही रात्री वापरल्या तरी एका रात्रीवर 3,700 रुपयांचा बोजा केवळ वर्गणीचा पडतो. तुम्ही त्या वर्षी घराबाहेर पाऊल टाकले नाही, तरी ती भरावीच लागते. दुसरी गोष्ट म्हणजे आज एकरकमी दिलेल्या पैशांचे मोल. तेच 4,20,000 रुपये 7 टक्के व्याजाने ठेवून 25 वर्षांत मुद्दलासह संपवायचे ठरवले, तर दरवर्षी साधारण 36,000 रुपये हाती आले असते. हे 36,000 आणि वर्गणीचे 25,960 मिळून वर्षाला जवळपास 62,000 रुपये होतात. सातही रात्री वापरल्या, तर रात्र सुमारे 8,850 रुपयांना पडते. चारच वापरल्या, तर 15,500 रुपयांना.

वर्गणी दरवर्षी वाढते, हेही लक्षात घ्या. वाढ 6 टक्के धरली, तर बाराव्या-तेराव्या वर्षी ती दुप्पट होते आणि पंचविसाव्या वर्षी एक लाख पाच हजारांच्या घरात जाते. तेव्हा तुमचे यजमान कदाचित निवृत्त झालेले असतील. करारातील वर्गणीवाढीचे कलम वाचल्याशिवाय या व्यवहाराचा खरा आकडा कुणालाच कळत नाही. सादरीकरणात मात्र ते कलम दाखवले जात नाही, कारण वेळ सगळा रिसॉर्टच्या छायाचित्रांवर जातो. हप्त्यांनी घेतले तर वरील हिशेबात हप्त्यांचे व्याज आणखी मिळवा.

आता प्रश्न असा, की सभासदांच्या रात्री वाया का जातात? सोलापुरातील कुटुंबांकडे पाहिले की याचे उत्तर मिळते. शाळेची सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत, नेमक्या त्याच वेळी सगळ्या सभासदांना जायचे असते. स्वस्त हंगामाचे सभासदत्व घेतलेल्यांना त्या तारखा मिळतच नाहीत आणि महागाचे घेतलेल्यांनाही कित्येक महिने आधी बुकिंग करावे लागते. व्यापारी माणसाला सहा महिन्यांनंतरचा आठवडा मोकळा आहे की नाही, हे आज सांगता येत नाही. एखाद्या वर्षी मुलगी दहावीला असते, एखाद्या वर्षी घरात लग्न असते, एखाद्या वर्षी वडीलधाऱ्यांचे दुखणे असते. न वापरलेल्या रात्री काही क्लब पुढच्या वर्षासाठी साठवू देतात, पण त्यालाही मर्यादा असते. एका ठरलेल्या दिवशी त्या लॅप्स होतात आणि वर्गणी तर आधीच भरलेली असते. त्यामुळे अशा सभासदाला त्याच्या रात्रींचे जे काही पैसे मिळतील, ते नफाच वाटतात. भाड्याने घेणाऱ्याचा फायदा नेमका इथे आहे. मूळ किमतीचा भार दुसऱ्याने कधीच उचललेला असतो आणि तुम्ही साधारणपणे वर्गणीच्या आसपासचा दर देता.

मावसभावांच्या बाबतीत हे आकड्यांत पाहू. त्यांची वर्गणीही तेवढीच आहे असे समजा. रात्रीला 3,700 रुपये हा त्यांचा बुडणारा खर्च आहे. तुम्ही त्यांना 4,300 रुपये दिलेत, तर चार रात्रींचे 17,200 होतात. त्या बदल्यात एक बेडरूम, बाहेरची खोली, छोटे स्वयंपाकघर असा गाळा मिळाला, तर तुम्ही चौघे आणि सासू-सासरे सोयीने राहू शकता. मात्र त्या गाळ्याची माणसांची मर्यादा आधी विचारून घ्या, कारण चारांसाठीच्या गाळ्यात सहाजण चालतीलच असे नाही. तशाच जागी हॉटेलच्या दोन खोल्या प्रत्येकी 3,500 रुपयांनी घेतल्या, तर 5 टक्के जीएसटीसह रात्रीला 7,350 आणि चार रात्रींचे 29,400 रुपये होतात. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरील खोलीवर 18 टक्के कर आहे. म्हणजे महागड्या रिसॉर्टच्या तुलनेत भाड्याच्या रात्रींचा फायदा आणखी वाढतो. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या तारखांचे खरे दर त्यांच्या जागी घालून पाहा.

स्वयंपाकघराचा उल्लेख मी मुद्दाम केला. सहा माणसांचा रिसॉर्टमधील नाश्ता आणि दोन वेळचे जेवण यांवर होणारा खर्च कित्येकदा खोलीच्या भाड्याला मागे टाकतो. आपल्याकडची माणसे कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या असे चार दिवस टिकणारे बरोबर नेतात. दूध, भाजी आणि वरणभाताची सोय खोलीतच झाली, तर सासूबाईंच्या पथ्याचा प्रश्नही सुटतो. मात्र काही रिसॉर्ट गर्दीच्या हंगामात जेवणाचे पॅकेज सक्तीचे करतात आणि काही ठिकाणी स्वयंपाकघरात फक्त किटली व मायक्रोवेव्ह असतो. ‘गॅस किंवा इंडक्शन आणि भांडी आहेत का’ हा प्रश्न फोनवर स्पष्ट शब्दांत विचारावा.

आता यातील धोका सांगते, कारण तो मी जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी भवानी पेठेतील एका सातजणांच्या कुटुंबाने ओळखीतून ओळख काढून एका सभासदाच्या कोडाईकनालच्या रात्री घेतल्या. त्यांची रेल्वेची तिकिटे मी काढली होती. मुक्कामाची सोय झाली आहे असे त्यांनी सांगितले आणि मी पुढे विचारले नाही. रात्री साडेआठला ते घाट चढून रिसॉर्टवर पोचले, तेव्हा त्यांच्याजवळ होता तो सभासदाने पाठवलेल्या बुकिंगच्या पानाचा मोबाईलवरील फोटो. रिसेप्शनवरील मुलाने तो पाहिला, आपल्या संगणकावर काहीतरी तपासले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पाहुण्यांच्या नावांच्या जागी फक्त सभासदाचे नाव होते. खाली तांबड्या अक्षरांत सभासदाची वार्षिक वर्गणी थकल्याची नोंद होती आणि त्यामुळे बुकिंग रोखून ठेवलेले होते. सभासदाचा फोन बंद लागत होता. दोन लहान मुले व एक आजी बरोबर असताना त्यांना रात्री अकरा वाजता, भर मे महिन्यात, मिळेल त्या दराने दोन खोल्या घ्याव्या लागल्या. सभासदाने फसवण्याच्या हेतूने हे केले होते असे मला वाटत नाही. त्याला आपली वर्गणी थकल्याचे बुकिंगवर काय परिणाम होतात, हेच ठाऊक नव्हते. परंतु त्या कुटुंबाला झालेला त्रास त्यामुळे कमी होत नाही. त्या दिवसापासून माझ्यामार्फत जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा मुक्कामाचा कागद, तो कुणीही काढलेला असो, मी स्वतः वाचते.

म्हणून मावसभावांकडून रात्री घेताना पहिली चौकशी क्लबच्या नियमांची करा. सभासदाने नातेवाईक किंवा मित्र पाठवणे बहुतेक क्लबांना चालते, त्यासाठी काही ठिकाणी पाहुण्यांची फी असते. पण पैसे घेऊन रात्री देणे सगळीकडे चालत नाही. विशेषतः सभासदाने आरसीआयसारख्या संस्थेतून अदलाबदल करून घेतलेला आठवडा पाहुण्याला देता येतो, परंतु तो विकता किंवा भाड्याने देता येत नाही. नियम मोडून घेतलेले बुकिंग क्लबने रद्द केले, तर तुमच्याकडे बोलायला जागा उरत नाही. मावसभाऊ तर तुमचे नातेवाईकच आहेत, त्यांच्या रात्री वापरायला बहुधा अडचण येणार नाही. पण वर्गणीतील वाटा म्हणून पैसे देण्याबाबत त्यांच्या क्लबचा नियम काय आहे, हे त्यांनी सभासद-सेवेकडून ईमेलवर विचारून घ्यावे. तोंडी ‘चालते हो’ पुरेसे नाही.

दुसरी चौकशी वर्गणीची. चालू वर्षाची वर्गणी भरल्याची पावती मागायला संकोच वाटतो, विशेषतः नात्यात. पण कोडाईकनालची गोष्ट त्यांना सांगा म्हणजे वाईट वाटणार नाही. त्यानंतर बुकिंग त्यांनीच करायचे आणि पाहुण्यांमध्ये तुमच्या कुटुंबातील मुख्य व्यक्तीचे नाव आधार कार्डावर आहे तसेच घालायचे. कन्फर्मेशनच्या कागदावर रिसॉर्टचे नाव, गाळ्याचा प्रकार, येण्याजाण्याच्या तारखा, मोठी माणसे किती व मुले किती आणि बुकिंग क्रमांक एवढे असलेच पाहिजे. कागद हातात आला की क्लबच्या संकेतस्थळावरील क्रमांकावरून रिसॉर्टला फोन करा, सभासदाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आणि तुमच्या नावाने बुकिंग आहे ना, तिथे पोचल्यावर काय काय भरावे लागेल, हे विचारा. वीज-पाणी किंवा सेवाशुल्क, जादा माणसाचे पैसे, जेवणाची सक्ती हे तिथेच कळते. जाण्याच्या आठ दिवस आधी हाच फोन पुन्हा करा.

पैसे देण्याचा क्रम असा ठेवा, की बुकिंग होण्यापूर्वी फार तर तिसरा हिस्सा जाईल आणि उरलेले रिसॉर्टने फोनवर दुजोरा दिल्यानंतर जातील. पैसे सभासदाच्याच बँक खात्यात जावेत. खात्यावरचे नाव आणि सभासदत्वावरचे नाव जुळत नसेल, तर थांबा. मावसभावांच्या बाबतीत ही काळजी अनावश्यक वाटेल, पण उद्या तुम्ही अनोळखी सभासदाकडून घ्याल तेव्हा तीच उपयोगी पडेल. आणि एक साधा कागद करा, अर्ध्या पानाचा चालेल: कोणत्या रात्री, किती रुपयांना, सहल रद्द झाली तर काय, रिसॉर्टने जागा नाकारली तर पैसे किती दिवसांत परत. नात्यात असा कागद करणे परकेपणाचे वाटते, हे मला समजते. माझा अनुभव मात्र असा आहे, की फुकट घेतलेल्या रात्रींवरूनच पुढे ‘आम्ही एवढे दिले आणि यांनी’ असे बोलणे निघते. ठरवून पैसे दिलेल्या व्यवहारावरून तसे झालेले मी पाहिलेले नाही. मावसभावांनी हे मिळालेले पैसे आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावेत, हेही त्यांना सांगा.

या पद्धतीची सगळ्यात मोठी उणीव रद्द करण्याच्या बाबतीत आहे. हॉटेलचे बुकिंग बऱ्याचदा दोन-चार दिवस आधीपर्यंत फुकट रद्द होते. भाड्याच्या रात्रींचे पैसे मात्र बहुधा परत मिळत नाहीत, कारण उशिरा रद्द केले की सभासदाच्याही त्या रात्री बुडतात किंवा पुन्हा वापरता येतील अशा उरत नाहीत. ज्या वर्षी घरात परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा मोठी ऑर्डर यांचे सावट असेल, त्या वर्षी दोन पैसे जास्त देऊन हॉटेलच घ्यावे. जिथे हॉटेलच मुळात स्वस्त असते, तिथेही भाड्याच्या रात्रींत अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमधील गोवा घ्या. आता सोलापूरहून गोव्याला विमानही आहे आणि पावसाळ्यात तिथल्या चांगल्या हॉटेलांचे दर इतके उतरतात, की कुणाची वर्गणी भरून देण्यापेक्षा थेट खोली घेणे परवडते. उलट उटी, कूर्ग, मुन्नार किंवा महाबळेश्वर मे महिन्यात, किंवा कुठेही नाताळच्या आठवड्यात जायचे असेल, तर भाड्याच्या रात्रींइतकी बचत दुसरीकडे होत नाही. अट एवढीच, की सभासदाकडे त्या हंगामाचा हक्क असावा आणि त्याने वेळेत बुकिंग केलेले असावे. मावसभावांचे सभासदत्व कोणत्या हंगामाचे आहे, हे म्हणून आधी विचारा. ते स्वस्त हंगामाचे असेल, तर मे महिना विसरून दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतरच्या किंवा फेब्रुवारीतील तारखा पाहाव्या लागतील आणि शाळेत असल्यामुळे तुमच्यासाठी ते सोपे नाही.

आता नणंदबाईंनी सांगितलेल्या अमेरिकेतील पॉइंट्सकडे येते. त्या बहुधा डिस्ने व्हेकेशन क्लबबद्दल बोलत आहेत. तो 1991 मध्ये सुरू झाला आणि तिथे पॉइंट्स भाड्याने देण्याघेण्याची घडी आपल्यापेक्षा बरीच नीट बसलेली आहे. मालकाने क्वचित आपले पॉइंट्स भाड्याने देणे क्लबला चालते, मात्र तो त्याचा धंदा होऊ नये असा नियम आहे. मालक आपल्या पॉइंट्सवर तुमच्या नावाने खोली बुक करतो. मध्यस्थ संस्थाही आहेत, ज्या पैसे टप्प्याटप्प्याने मालकाकडे देतात. भाड्याचा दर पॉइंटला साधारण 20 डॉलरच्या आसपास असतो, तर क्लबकडून थेट विकत घेताना पॉइंटला 200 डॉलरहून अधिक मोजावे लागतात आणि त्यावर दरवर्षीची वर्गणी वेगळी. समजा तुमच्या मुक्कामाला 120 पॉइंट्स लागले, तर भाड्याने 2,400 डॉलर आणि विकत घेतले तर 24,000 डॉलरच्या पुढे. तेही करार संपेपर्यंतच. तिथल्या काही जुन्या रिसॉर्टचे करार 2042 मध्ये संपणार आहेत. आयुष्यात एकदा किंवा दोनदा जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी विकत घेण्याचा विचारही करण्याचे कारण नाही.

तिथे वेळेचे गणित फार काटेकोर आहे. मालकाला आपल्या मूळ रिसॉर्टमध्ये, म्हणजे ज्या रिसॉर्टचा हक्क त्याने विकत घेतला तिथे, 11 महिने आधी आणि क्लबच्या इतर रिसॉर्टमध्ये 7 महिने आधी बुकिंग करता येते. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यासाठी याचा अर्थ असा, की मूळ रिसॉर्टवाल्या मालकाने जानेवारीच्या अखेरीस आणि इतरांनी मे महिन्याच्या अखेरीस बुकिंग केलेले असते. नाताळात उरलेली खोली मिळणे कठीण. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पॉइंट्सही कमी लागतात आणि जागाही जास्त मिळतात. बुकिंग झाल्यावर मालकाने दिलेला क्रमांक नणंदबाईंनी डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये स्वतःच्या खात्याला जोडून पाहावा. तुमची नावे आणि तारखा तिथे दिसल्या, म्हणजे बुकिंग खरे आहे. मात्र पुढे काही बदल करायचा झाला, तर तो मालकच करू शकतो, तुम्ही क्लबला फोन करून उपयोग नसतो. त्याशिवाय, ज्यांचे पॉइंट्स मुदत संपत आलेले आहेत, त्यांच्याकडून तयार बुकिंग कमी दरात मिळते, कारण पॉइंट्स पुढच्या वर्षात टाकण्याची सवलत त्यांच्या सभासदत्वाच्या वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांपुरतीच असते. नणंदबाईंचे वेळापत्रक लवचिक असेल, तर त्यांनी तिकडे लक्ष ठेवावे.

पण सासू-सासऱ्यांच्या व्हिसाची मुलाखत मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात व्हायची आहे आणि तिचा निकाल कुणीही आधी सांगू शकत नाही. पॉइंट्सच्या भाड्याचे पैसे परत मिळत नाहीत. व्हिसा नाकारला गेला किंवा लांबला, तर दोन-अडीच हजार डॉलर गेले. म्हणून आधी व्हिसा, मग पॉइंट्स आणि त्यानंतर विमानाची तिकिटे, हा क्रम मी बदलू देणार नाही, मग त्यात नाताळचा आठवडा हुकला तरी चालेल.

सभासदत्व कुणीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. तीन पिढ्या एकत्र राहतात, दरवर्षी न चुकता आठवडाभर बाहेर पडतात, आठ-नऊ महिने आधी तारखा ठरवू शकतात आणि एकाच साखळीच्या रिसॉर्टमध्ये आनंदाने राहतात, अशी काही कुटुंबे माझ्या माहितीत आहेत आणि त्यांनी आपले पैसे पुरेपूर वसूल केले आहेत. मात्र अशा कुटुंबानेही दोन-तीन वर्षे भाड्याने राहून पाहावे आणि मग एखाद्या कंटाळलेल्या सभासदाकडून उरलेल्या वर्षांचे सभासदत्व क्लबमार्फत रीतसर आपल्या नावावर करून घ्यावे. हस्तांतराची फी भरूनही ते नव्यापेक्षा बरेच स्वस्त पडते, कारण जुन्या सभासदत्वाला बाजारात फारशी किंमत नसते. अमेरिकेत तर वर्षाच्या वर्गणीतून सुटण्यासाठी एका डॉलरला हक्क देऊन टाकणारे मालक आहेत. याचीच दुसरी बाजू अशी, की तुमच्या मावसभावांना ‘तुमचे सभासदत्व विकून देतो, आधी कराचे आणि एनओसीचे पैसे भरा’ असे फोन येत असतील. त्यांनी एक रुपयाही भरू नये. भरला असेल, तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आणखी एक फरक ओळखायला हवा. राहण्याच्या हक्काबरोबर ‘वापरले नाही तर इतके पैसे परत’ असे वचन कुणी देत असेल, तर तो मुक्कामाचा व्यवहार राहत नाही, ती गुंतवणूक होते. पॅनकार्ड क्लब्स या कंपनीने हॉटेलातील रात्रींच्या नावाने अशाच योजनांतून सात हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले होते आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2016 मध्ये ते परत करण्याचा आदेश दिला. आपल्या महाराष्ट्रात गावोगावच्या माणसांनी त्यात पैसे घातले होते आणि त्या प्रमाणपत्रांच्या फायली अजून कपाटात जपून ठेवलेली घरे मी पाहिली आहेत. भाड्याने रात्र घेताना तुम्ही फक्त चार दिवसांचा मुक्काम घेत असता आणि तो झाला की व्यवहार संपतो. मला ही पद्धत आवडते याचे एक कारण हेही आहे.

तुम्ही सही केलेली नाही, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी केली असेल, तर त्यांनी आजच करारातील रद्द करण्याचे कलम शोधावे आणि त्यातील मुदतीच्या आत ईमेल व रजिस्टर्ड पोस्टाने कळवावे. युरोपीय संघात टाइमशेअर रद्द करण्यासाठी 14 दिवसांची मुदत कायद्यानेच दिलेली आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने आधार कराराचा आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा. या कायद्याने तुम्ही राहता तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. तत्पूर्वी 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर नोंद करावी, कित्येक प्रकरणे तिथेच मिटतात. एका सभासदाने एकदा दिलेल्या रात्रींच्या व्यवहाराला मात्र हा दरवाजा तितक्या सहज उघडेलच असे नाही, म्हणून वर सांगितलेला अर्ध्या पानाचा कागद महत्त्वाचा.

येत्या रविवारी मावसभावांना फोन करा आणि चारच गोष्टी विचारा: सभासदत्व कोणत्या हंगामाचे, गाळा किती माणसांचा, शिल्लक रात्री कोणत्या तारखेला लॅप्स होणार आणि या वर्षाची वर्गणी भरली आहे का. ही उत्तरे आणि तुमच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा मला कळवल्यात, तर कोणत्या ठिकाणी या रात्री लावाव्यात आणि कुठे सरळ हॉटेल घ्यावे, ते मी हिशेबासह लिहून देईन.